काळी पाचचा सा : शाळेच्या बँडसाठी पहिली रचना, कामाच्या नोंदी

१८ जून

बँडच्या खोलीतली मोजदाद आज पुरी झाली. चावीच्या आडव्या बासऱ्या तीन, क्लॅरिनेट सहा, आल्टो सॅक्सोफोन दोन, टेनर एक, ट्रम्पेट पाच, ट्रॉम्बोन दोन, युफोनियम (छोट्या बेससारखं पितळी वाद्य) एक, बेस (सगळ्यात मोठं, खर्जातलं पितळी वाद्य) एक. साइड ड्रम तीन, मोठा ड्रम एक, झांजांची जोडी एक. वाजवणारी मुलं सव्वीस, सहावी ते नववीची. जुनी वाद्यं २०१९ च्या पुरात गेली. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती आणि या खोलीत छातीएवढं पाणी होतं. आताची वाद्यं त्यानंतर वर्गणीतून आली, बरीचशी मेरठहून.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, झेंडावंदनाला दर वर्षी तेच दोन मार्च वाजतात. आपल्या शाळेची म्हणून एक धून असू दे. २६ जानेवारीला वाजली पाहिजे." मी हो म्हटलं. मी गाणारी. समूहगीतांना चाली लावल्यात, दोन-तीन बंदिशीही बांधल्यात. पण फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. म्हणून ही वही.

बँडमास्तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून निवृत्त झालेले, हातात क्लॅरिनेट, शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमधलं. त्यांना विचारलं, मुलांचा सा कुठला धरू? म्हणाले, "बी फ्लॅट, बाई. दुसरीकडं जाऊच नका. समद्यांचं घर तितंच हाय." पेटी उघडून बी फ्लॅट दाबला तर ती काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, निघाली. पंचवीस वर्षं मी ज्या सुरात गाते तोच सूर! तंबोरा मनात आपोआप लागला.

२३ जून

ते घर असं का, ते मास्तरांनी आज ट्रम्पेट हातात घेऊन दाखवलं. एकही पिस्टन न दाबता नुसतं फुंकलं तर नळी आपल्या लांबीप्रमाणे ठरावीक सूर देते: सा, प, वरचा सा, त्याच्यावर ग. ट्रम्पेटची नळी अशी कापलेली की तिचा सा काळी पाचवर येतो. ट्रॉम्बोन, युफोनियम यांचंही तेच, फक्त सप्तक खालचं. पिस्टन दाबला की नळी लांबते आणि सूर उतरतो. मधला अर्ध्या स्वराने, पहिला पूर्ण स्वराने, तिसरा दीड स्वराने.

मग कागदाचा घोळ समजला. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाला ज्याला 'सी' म्हणून वाचतो तो वाजतो बी फ्लॅट. आल्टोवाल्याच्या कागदावर त्याच सुराला 'जी' लिहायचं. बासरी आणि ट्रॉम्बोनला मात्र जसा वाजतो तसाच बी फ्लॅट. पाच कागदांवर एकाच सुराची तीन नावं. मास्तर म्हणाले, नव्या माणसाला हे सहा महिने छळतं. मला ते तितकं परकं वाटलं नाही. आपल्याकडे प्रत्येक गळ्याचा सा वेगळा असतो आणि तरी सगळे त्याला साच म्हणतात. मी प्रत्येक कागदावर इंग्रजी स्वरलिपीच्या पाच ओळींच्या डोक्यावर सरगम लिहिणार. मग आल्टोवाली आणि ट्रम्पेटवाला एकमेकांशी बोलू शकतील: "तुझा प चढा लागला" असं. आता ती बोलूच शकत नाहीत, एकीचा 'डी' दुसऱ्याचा 'जी' असतो.

सूर कागदावर लिहायच्या लिपीचा विचार इथल्या मातीत नवा नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एका गुरूसमोर एक शिष्य बसतो तेव्हा कागद लागत नाही. समोर वर्ग बसला की लागतो. माझ्यासमोर सव्वीस जणांचा वर्ग आहे.

५ जुलै

पहिला कच्चा आराखडा भूपात केला. पाच सूर, म नी नाही, कानाला ओळखीचा, लहान मुलं पहिल्यांदा शिकतात तो राग. दोन दिवसांत सोळा ओळी झाल्या आणि तिसऱ्या दिवशी हात थांबला. वाजणार सकाळी आठला. भूप संध्याकाळनंतरचा. मैदानावर कुणाला कळणार आहे, असं एक मन म्हणालं. पण मला कळणार, आणि या मुलांच्या कानात जे पहिल्यांदा बसेल ते आयुष्यभर राहील.

तेच पाच सूर सकाळी देशकारात लागतात. पण देशकार म्हणजे भूपाचा वेश बदलून आलेला भाऊ नव्हे. त्याचा जीव धैवतावर. ग प ध सांध, प, असा तो वरच्या अंगात वावरतो. रिषभ दुबळा, जाता जाता स्पर्श करण्यापुरता. भूपात आपण गंधारावर बसून खाली सगळं अंगण बघतो, देशकारात धैवताच्या गच्चीवर उभे राहतो.

मास्तरांना गाऊन दाखवलं. ऐकून घेतलं, मग क्लॅरिनेट जोडलं आणि ध सां, ध सां असं सावकाश वाजवलं. "बगा बोटं." ध ला एक डाव्या हाताची चावी, बाकी भोकं उघडी. सां ला जवळजवळ सगळी भोकं बंद, अंगठ्याची चावी वेगळी, उजवी करंगळीही कामाला. क्लॅरिनेटची नळी आतून सारख्याच रुंदीची आणि वरच्या टोकाला बंद, म्हणून ती बासरीसारखी सप्तकाने उडी मारत नाही, सा वरून थेट वरच्या सप्तकातल्या प वर मारते. आणि ती उडी नेमकी माझ्या ध आणि सां च्या मध्ये पडते. "दुसऱ्या वर्षाच्या पोराला हितं किंकाळी येती, बाई. तुमी नेमकं त्येच्यावरच घर बांदलंय."

६ जुलै

रात्रभर तेच डोक्यात. देशकार सोडायचा नाही. सा हलवायचा नाही. मग क्लॅरिनेटच हलवायचं.

सहाही क्लॅरिनेट एक सप्तक खाली. तिथे प ध सा सगळे सोपे, भोकं वरून खाली एकेक बंद करत जायची, आणि आवाजही असा की लाकडाला तेल लावल्यासारखा. ट्रम्पेटना वरची प ध सां, ती त्यांना जमते, सां तर नुसत्या फुंकरीवर येतो. बासऱ्या त्याच्याही वर. म्हणजे चाल एकच, तीन मजल्यांवर. तपासताना एक गोष्ट सापडली आणि मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले: क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर आपल्या हिशेबाने ग येतो. त्याच्या खाली वाद्यच संपतं. देशकाराची चाल बहुतेक सगळी ग पासून सां पर्यंतच फिरते. फक्त शेवटी "ग रे सा" उतरताना क्लॅरिनेटना ग वर थांबून पुढचं आल्टोच्या हाती द्यावं लागेल. देऊ.

दुसरा फायदा ट्रॉम्बोनचा. आमचा एक ट्रॉम्बोनवाला सहावीतला, उंची बेताची. खालच्या सा ला नळी पूर्ण आत, पहिल्या जागी. रे साठी ती सहाव्या जागेपर्यंत बाहेर ढकलायची. त्याचा हात चार बोटं कमी पडतो, मग रे चढाच लागतो. ट्रम्पेटलाही मधला रे अवघड: पहिला आणि तिसरा पिस्टन एकदम दाबला की सूर मुळातच चढतो, तिसऱ्या नळीची सरक बाहेर ढकलून तो उतरवावा लागतो. आणि देशकारात रे दुबळाच. जिथे पोरांचे हात पुरत नाहीत तिथे हा राग मुक्कामच करत नाही.

१९ जुलै

पहिली तालीम फसली, चूक माझी. म्युझस्कोअर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिताना सगळे भाग 'जसे वाजतात तसे' बघायची एक खूण असते, ती काढायची राहिली आणि तसेच कागद छापले गेले. बासऱ्या बरोबर, ट्रॉम्बोन बरोबर, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एक पूर्ण स्वर खाली, आल्टो तर कुठच्या कुठे. दहा सेकंद जे काही वाजलं ते ऐकून मोठ्या ड्रमचा मुलगा कान धरून उभा राहिला. आल्टोची नववीतली मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, सरगम बरोबर आहे, खालच्या ओळी चुकल्यात. आम्ही सरगम बघून वाजवू का?" आणि त्यांनी वाजवलं. सावकाश, अडखळत, पण एका सुरात.

कागद उद्या नव्याने छापायचे. सरगम मात्र आता कधीही काढणार नाही.

४ ऑगस्ट

नदी वाढतेय. आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. शाळेला सुट्टी. आम्ही चौघांनी मिळून सगळी वाद्यं वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत नेली. बेस न्यायला तिघे लागले.

हवेत ओल इतकी की क्लॅरिनेटच्या चाव्यांखालच्या गाद्या फुगल्यात, दोन वाद्यांची भोकं नीट मिटत नाहीत. मास्तर टिपकागदाचे तुकडे घालून गाद्या सुकवत बसले होते.

२१ ऑगस्ट

तंबोऱ्यावर अडले आहे.

रचनेची सुरुवात माझ्या मनात पहिल्या दिवसापासून ठरलेली. चाल यायच्या आधी नुसता सा प. मैदानावर गोंधळ असतो, पालक खुर्च्या ओढत असतात, तेव्हा जमिनीतून आल्यासारखा एक आधार सुरू व्हावा आणि त्यावर एक बासरी धैवत लावील. म्हणून बेस, युफोनियम, टेनर आणि ट्रॉम्बोन यांना सोळा मात्रा लांब सूर लिहिले होते. संगणकावर ऐकताना डोळे भरून आले होते. संगणकाला दम लागत नाही.

आज घड्याळ लावून पाहिलं. टेनरवाली अकरा सेकंद. युफोनियम नऊ. बेसवाला मुलगा पाचव्या सेकंदाला लाल झाला, सहाव्याला थांबला. खालचा सूर, रुंद नळी, ती हवा पिऊन टाकते. बासरीची अर्धी हवा तर तोंडाबाहेरच जाते. माझ्या सोळा मात्रांना लागतात जवळपास पंधरा सेकंद. मी म्हटलं, आळीपाळीने श्वास घ्या, एक थांबला की दुसरा चालू. तसं करून पाहिलं. पण ट्रॉम्बोन सोडले तर प्रत्येक आवाजाला एकेकच वाद्य आहे. बेस थांबला की खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, गेलाच, आणि परत आला की धाडकन आला. आधार वाटण्याऐवजी कुणीतरी दार उघडतंय-लावतंय असं वाटत राहिलं.

मास्तर म्हणाले, "बाई, पोरगं गुदमरंल. सूर कमी करा." मी म्हटलं, मग तंबोरा कुठून आणू? ते काही बोलले नाहीत. मला राग आला होता, त्यांच्यावर नाही.

७ सप्टेंबर

मिरजेला गेले होते, घरच्या तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद खुलवायला. सतारमेकर गल्लीत गेलं की मला माहेरी आल्यासारखं होतं. ओट्यावर भोपळे वाळत ठेवलेले, आत कुणी तुणीच्या लाकडावर रंधा फिरवतंय, कुठूनतरी एकच तार परत परत छेडली जातेय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, भिंतीवर त्याचं कात्रण लावलेलं होतं. कारागीर वयस्कर, मी त्यांना चाचा म्हणते. घोडीवर कानस लावत होते, मी समोर बसून तारा छेडत होते. प, सा, सा, खर्ज. प, सा, सा, खर्ज. चाचा म्हणाले, "सावकाश छेड बेटा, तारेला विझू दे थोडी."

विझू दे.

पंचवीस वर्षं मी तंबोरा अखंड समजत आले. तो अखंड नाहीच. चार तारा आहेत, प्रत्येक एकदा वाजते आणि लगेच मावळायला लागते. ती मावळेपर्यंत दुसरी उगवलेली असते, अखंडपणा आपल्या कानात तयार होतो. आणि मी मात्र मुलांना अखंड फुंकायला लावत होते, तंबोऱ्याने कधीच केलं नाही ते!

परतताना एस.टी.त बसून तिकिटाच्या मागे लिहिलं: पहिल्या मात्रेला ट्रॉम्बोन प. दुसरीला युफोनियम सा. तिसरीला टेनर सा. चौथीला बेस खर्ज. प्रत्येकाने सूर मऊ उगवायचा, तीन मात्रा हळूहळू मावळू द्यायचा, चौथी मात्रा श्वासाची. आपली पाळी आली की पुन्हा. म्हणजे कुणाही एकाला तीन सेकंदांच्या वर सूर धरायचा नाही, आणि कुठल्याही क्षणी तिघे वाजत असणार.

९ सप्टेंबर

जमलं. पहिल्याच झटक्यात नाही, तासभर लागला. मुलांची सवय अशी की सूर लावायचा म्हणजे जिभेने ठोकून लावायचा. "त" म्हणून. त्यांना "द" म्हणायला सांगितलं, मग "ल". शेवटी मी प्रत्यक्ष तंबोराच वर्गात आणला, मध्ये ठेवला आणि चौघांना म्हटलं, तुम्ही या चार तारा आहात, आपली तार वाजली की तिच्यासारखं वाजा. बेसवाल्याने विचारलं, "बाई, मी जाडी तार ना?" हो. जाडी, पितळेची, सगळ्यात शेवटची, तिच्यामुळे बाकीच्या लागतात. तो ताठ बसला.

चौथ्या-पाचव्या खेपेला चारही सूर खरे मिळाले तेव्हा बासरीवाली वाद्य खाली ठेवून इकडेतिकडे बघायला लागली. "बाई, ग कोण वाजवतंय?" कुणीच वाजवत नव्हतं. खर्ज खरा लागला की त्याच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. मी तंबोऱ्यावर तो तिला पुन्हा ऐकवला. मग सगळ्यांनाच ऐकायचा होता. सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

२९ सप्टेंबर

त्याच गंधारावरून आज वाद. ट्रम्पेटच्या मुलांकडे मोबाइलवर सूर मोजायचं ॲप आहे. तंबोऱ्यावर त्यांचा ग कानाला इतका गोड लागत होता, आणि ॲप लाल दाखवत होतं: चौदा सेंट उतरलेला. मुलं चढवायला लागली, आणि गोडवा गेला.

त्यांना फळ्यावर समजावलं. ॲप पेटीच्या हिशेबाने मोजतं. त्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे, प्रत्येक शंभर सेंटचा, म्हणून ग ४०० वर. पण खर्जातून उगवणारा ग सा च्या सव्वापट कंपनांचा, तो येतो ३८६ वर. आपण खर्जावर वाजवतो आहोत, तर ग खर्जाला विचारून लावायचा. सा आणि प पुरतं ॲप बघा, ग आणि ध ला ते बंद. मास्तर आयुष्यभर फौजी बँडात वाजवलेले, मला वाटलं ते हरकत घेतील. ते म्हणाले, "पचमढीत बी हेच सांगायचे. कॉर्डमधला तिसरा सूर जरा बसता ठेवा." किती बरं वाटलं मला.

आल्टोच्या दोघींचा ग–प अडतोय. ग ला एक बोट, प ला सहा बोटं आणि सप्तकाची चावी, सगळं एका क्षणात. देशकारात ग–प दर ओळीला आहे, बदलता येणार नाही. रोज पन्नास वेळा तेवढंच करा म्हटलं. एकीने घरी भिंतीवर रेघा मारून मोजायला सुरुवात केली आहे, तिची आई मला बाजारात सांगत होती.

१४ ऑक्टोबर

बेसवाल्याचं घर तासगावकडे, द्राक्षबागेची छाटणी सुरू. सकाळी सातच्या तालमीला तो महिनाभर येऊ शकणार नाही. घरच्यांशी बोलले, त्यांचाही इलाज नाही, माणसं मिळत नाहीत.

म्हणून युफोनियमच्या कागदावर बेसच्या जागा बारीक सुरांत लिहून दिल्या: तो नसेल तेव्हा हे वाजव. युफोनियमला तो खर्ज येतो, जाडी तेवढी नाही. शाळेच्या बँडसाठी लिहिताना हे आधीच करायला हवं होतं. गोवर येतो, परीक्षा येते, छाटणी येते. एका मुलावर सगळी इमारत उभी करू नये.

२४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली तालीम, ओठ मऊ पडलेत. ट्रम्पेट वीस मिनिटांवर टिकत नाही. मधल्या भागात त्यांना आठ मात्रांची विश्रांती घातली.

मधला भाग लेझमीचा. पीटीच्या सरांची चाळीस मुलं त्याच दिवशी लेझीम करणार, मग वेगळं कशाला? हलगी आणि साइड ड्रमवर लेझमीचा ठेका, वर देशकाराचीच चाल दुप्पट लयीत. मैदानात एकत्र करून पाहिलं. चाळीस लेझमी छणछणल्या आणि बासऱ्या पार पुसल्या गेल्या. लेझमीचा छणका आणि बासरीचा आवाज एकाच उंचीवर भांडतात, खालचे ट्रॉम्बोन मात्र स्वच्छ ऐकू येत होते. तर लेझमीच्या वेळी चाल ट्रॉम्बोन-युफोनियमला दिली. आणि दर चार ओळींनंतर लेझीमवाले पाऊल रोवून गप्प उभे राहतील, त्या दोन ओळींत फक्त बासऱ्या. सर म्हणाले, चाळीस पोरं एकदम गप्प उभी राहणं हेच खरं कवायतीचं काम, करतो.

आता एकूण छप्पन्न विभाग (कागदावर उभ्या रेघांनी पडलेले तुकडे), दोन मिनिटं चाळीस सेकंद.

१८ डिसेंबर

सकाळी सातला मैदानावर कडाक्याची थंडी. सगळा बँड उतरलेला. हवेत ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने बदलतो. हवा गार, वेग कमी, नळीतला सूर खाली. पेटीच्या पट्ट्या मात्र जिथल्या तिथे. मी पेटी घेऊन सूर मिळवायला बसले होते ते चुकलंच. बंद केली. मास्तरांनी सगळ्यांना वाद्यात नुसती गरम हवा फुंकायला लावली, सूर न काढता, पाच मिनिटं. मग बेसवरून खर्ज घेतला आणि सगळे त्याला मिळाले. काळी पाचच्या किंचित खाली असेल. एकमेकांशी मिळालेले होते, तेवढं पुरे.

बेसवाला परत आला आहे. खांदे रुंद झालेत. सहा सेकंदांचा मुलगा आज नऊ सेकंद टिकला.

२६ जानेवारी

आठ वाजून दहा मिनिटं. खुर्च्या ओढल्या जात होत्या, माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मास्तरांनी हात वर केला. ट्रॉम्बोन प. युफोनियम सा. टेनर सा. खर्ज.

दुसऱ्या आवर्तनाला माइकवाला थांबला. चौथ्याला मागच्या रांगेतल्या आज्या बोलायच्या थांबल्या. बासरीने धैवत लावला. तो जरा उतरलेला होता, तिने ओठ सरकवून चढवला, आणि लागला.

एका क्लॅरिनेटची गादी सुटली, त्याने पुढचं सगळं नुसतं बोटांनी वाजवलं, आवाज न काढता, पण उभा ताठ. लेझमीनंतरची पहिली शांतता एका मुलाने मोडली, छण्ण, एकच. दुसरी आणि तिसरी अगदी स्वच्छ. आल्टोच्या दोघींचा ग–प सातही वेळा बरोबर आला, मी मोजत होते. शेवटी क्लॅरिनेट ग वर थांबले, आल्टोने रे सा पुरा केला, आणि खर्ज एकटा मावळत गेला. तो मुलगा कागदावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ धरून राहिला. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही.

मास्तर नंतर फक्त एवढंच म्हणाले, "श्वास दिसला न्हाई कुटं."

३ फेब्रुवारी

दुरुस्त्या. तिसाव्या विभागात ट्रम्पेटचा श्वास एक मात्रा अलीकडे घेतला. आठव्यात बासरीला धैवतावर आधी सूर तपासायला जागा नव्हती, तंबोऱ्याचं एक आवर्तन वाढवलं. युफोनियमचे बारीक सूर तसेच ठेवले, पुढच्या वर्षीही द्राक्षं छाटायची आहेतच.

मधल्या सुट्टीत सहावीतला ट्रॉम्बोनवाला आला. काही न बोलता वाद्य जोडलं, खालचा सा लावला, मग नळी बाहेर ढकलत ढकलत नेली. सहाव्या जागेपासून बोटभर कमी. खांदा पुढे झुकवला, मनगट लांबवलं, आणि वाजवला. रे. अजून थोडा चढाच.

"बाई, शेवटी ग रे सा येतं ना, ते आल्टोच का वाजवतात?"

कागद काढला. छप्पन्नाव्या विभागात, त्याच्या ओळीवर, रे पेन्सिलीने लिहिला.